तांबडा ससाणा आणि माझा हक्क

३ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर शिरोयामा म्हणतात, राग आला की ओरडू नका, लिहून काढा, बीपी उतरेल. म्हणून ही वही. मुळात मी रागीट नाही. आजूबाजूची माणसं चुकीची वागतात, तेवढंच.

बायकोने, फुमिएने, कांद्याची पात आणायला पाठवलं. बाजारपेठेत हिनोदे गेम सेंटरच्या शटरवर कागद चिकटवलेला. तीस तारखेला सेंटर कायमचं बंद. शेवटच्या दिवशी ‘तांबडा ससाणा’ या विमानांच्या गेमची स्पर्धा. ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त, त्याने मशीन घरी न्यावं.

कायमचं बंद! कुणाला विचारून? माझं अख्खं हायस्कूल त्या मशीनसमोर गेलं. अख्ख्या आमागासाकी शहरात ससाण्याचा राजा एकच होता, सेइजी नारुमी. आणि त्यालाच कळवलं नाही. मधली काही वर्षं मी तिकडे फिरकलो नाही, हे खरं. पण म्हणून पत्ता शोधता येत नाही?

असो. मशीन माझंच आहे. स्पर्धा फक्त नावाला.

पात राहिली. फुमिए बरंच बोलली. मी ओरडलो नाही. लिहितोय.

४ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात जाहीर केलं की महिनाअखेर माझ्या घरी खरंखुरं आर्केड मशीन येतंय. आमच्या विभागाच्या नव्या साहेबीणबाई इनोउए, वयाने माझ्या निम्म्या, म्हणाल्या की मोबाइलवर फुकट मिळत असेल की, नारुमीसाहेब. आमची कंपनी गटारांची झाकणं विकते. उद्या झाकणंही मोबाइलवर बसवा म्हणावं. हे मनात म्हटलं.

संध्याकाळी टेप घेऊन हॉल मोजला. जागा एकच, फुमिएचं शिवणयंत्र आहे तिथे. तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, ते यंत्र हललं तर त्याच्यासोबत तूही हलशील, दोघांना एकाच टेम्पोत घालीन.

कलाकाराची किंमत घरात नसते.

६ सप्टेंबर, बुधवार. जेवणाची सुट्टी

डबा खाता खाता सगळं आठवलं. लिहून ठेवतो, बीपीसाठी.

शाळा सुटली की सायकली हिनोदेसमोर आडव्यातिडव्या. आत धूर. प्रत्येक मशीनवर पत्र्याची राखदाणी, बटणं चिकट, पडदे सगळे उघड्या खिडक्यांसारखे चमकणारे. काचेच्या कडेला पन्नास येनची नाणी ओळीने लावायची. ज्याचं नाणं पुढे, त्याचा नंबर. कुणी कुणाचं नाणं सरकवलं तर बाहेर मारामारी, आणि मारामारी संपली की दोघंही परत रांगेत. थंडीत मक्याच्या सूपचा गरम, बंद डबा घ्यायचा, आधी दोन्ही गालांना लावायचा, मग प्यायचा. तळाला चिकटलेले दाणे कधी निघाले नाहीत.

आणि ससाणा! सुरुवातीला नुसता समुद्र, पहाट, आणि खालून वर येणारं ते एवढंसं तांबडं विमान. मग ढोल वाजायला लागायचे. शत्रूची विमानं डाव्या कोपऱ्यातून यायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो. आत्ताही आला.

हल्लीच्या गेममध्ये मेलात की मशीनच विचारतं, पुन्हा प्रयत्न करायचा का? आणि मेलात तिथूनच सुरू. मरणाची काही किंमतच ठेवलेली नाही. संताप येतो.

९ सप्टेंबर, शनिवार

पहिली प्रॅक्टिस. पहिल्या टप्प्यात मेलो.

कारणं. बटण ढिलं होतं. स्टूल बुटकं होतं. काचेवर दाराचा उजेड येत होता. चष्मा दुहेरी भिंगाचा, त्यामुळे वरची विमानं लांबची आणि खालचं माझं विमान जवळचं, मधे नुसता गोंधळ. मी माझ्या जागी होतो, बाकी सगळं हललेलं होतं.

परत नाणं टाकलं. परत तेच. तिसऱ्यांदाचं लिहीत नाही.

मालक ओकुदाकाकांनी मला ओळखलंच नाही. मी ‘राजा’ म्हणून ओळख सांगितली तरी नाही. मग बराच वेळ बघून म्हणाले, अरे, तू तोमिकोबाईंचा मुलगा ना? एवढा जाड झालास? आईच्या नावाने ओळख! ती रोज संध्याकाळी मला ओढून न्यायला यायची, कानाला धरून, सगळ्यांसमोर. ते यांच्या लक्षात. माझे पॉइंट लक्षात नाहीत.

१० सप्टेंबर, रविवार

आईकडे गेलो. माझा घरचा गेम आणि त्याच्या कॅसेट हव्या होत्या, बोटं मोकळी करायला. आई म्हणाली, देऊन टाकल्या, देवळाच्या जत्रेत. कधी? म्हणाली, तुझं लग्न झालं तेव्हा, म्हटलं आता मोठा झाला असेल.

मग माझा तोल गेला. ‘सात मिनार’ या गेमचा विषय काढला. अकरावीची अख्खी सुट्टी घालवून मी सातव्या मिनारापर्यंत पोचलो होतो. आईने झाडताना व्हॅक्यूम क्लीनरचा धक्का मशीनला दिला. पडदा पांढरा. सगळं पुसलं गेलं. मी तिला आज स्पष्ट सांगितलं की मी हे विसरलेलो नाही. ती म्हणाली, त्याच्यानंतरच तू पुस्तक उघडलंस, नाहीतर झाकणं विकायलासुद्धा कुणी घेतलं नसतं.

शिवाय घाईत होती. स्वेटर चढवला, हातात छोटी थैली, मला म्हणाली की दार ओढून घे, फ्रिजमध्ये मुळ्याची भाजी आहे. आणि गेली. मुलगा इतक्या दिवसांनी येतो आणि बाई मैत्रिणींच्या गप्पांना जाते.

भाजी चांगली होती.

१२ सप्टेंबर, मंगळवार

घरी प्रॅक्टिससाठी बटणांची पेटी आणि दांडा मागवला. जेवणाच्या टेबलावर तासभर सराव. कोपर सुजलं. डॉक्टर म्हणाले, टेनिस खेळता का? मी हो म्हणालो. पट्टा बांधलाय. फुमिए म्हणते, निदान भांडी डाव्या हाताने तरी घास.

ठराव: रोज पहाटे उठून सराव. उद्यापासून.

१३ सप्टेंबर, बुधवार

पाऊस असल्याने झोप लागली.

१६ सप्टेंबर, शनिवार

लिहितोय. रागाने. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल.

संध्याकाळी हिनोदेत गेलो. ससाण्याच्या मशीनभोवती तीन बायका, बाजाराच्या पिशव्या पायाशी. मधे उशी घातलेलं स्टूल. स्टुलावर आई.

माझी आई. नवा तपकिरी स्वेटर, गालात लिंबाची गोळी, चष्मा कपाळावर. आणि पडद्यावर पाचवा टप्पा. मी पाचवा टप्पा इतक्या शांतपणे कुणाला खेळताना पाहिलेला नाही. ती जवळजवळ काहीच करत नव्हती. जरा इकडे, जरा तिकडे. भाजी निवडतात तसं.

मी मागे जाऊन उभा राहिलो. तिने मान न वळवता म्हटलं, सेइजी, उजेड अडवू नकोस.

मी विचारलं, हे काय चाललंय? शेजारच्या उएदाबाई म्हणाल्या, श्श.

आईचं विमान पडलं तेव्हा तिने सांगितलं. इतक्या सहज, की जणू तांदळाचा भाव सांगतेय. म्हणाली, तुला न्यायला यायचे तेव्हा तुझा डाव संपेपर्यंत मागे उभी राहायचे ना. बघून बघून कळायला लागलं की तू कुठे मरणार आहेस. मग तू नागोयाला नोकरीला गेलास. बाबांची कारखान्यात दुसरी पाळी. संध्याकाळ झाली की पाय आपोआप इकडे वळायचे. एकदा इथवर येऊन दारात उभी राहिले, आत कुणीच नाही न्यायला. ओकुदाकाका म्हणाले, आलाच आहात तर बसा. बसले.

तेव्हापासून बसतेय!

माझा गेम. माझं मशीन. माझ्या पाठीमागे. तिने मला एक पोस्टकार्ड तरी टाकायचं होतं. विचारलंसुद्धा, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू कधी विचारलंस, की आई, संध्याकाळी काय करतेस?

तिने गोळी पुढे केली. मी घेतली नाही. मग घेतली.

१८ सप्टेंबर, सोमवार. वृद्ध-सन्मान दिनाची सुट्टी

सन्मान म्हणून लाल बीनचे गोड बन घेऊन गेलो, आणि सांगितलं की तू स्पर्धेत उतरायचं नाहीस. वय, डोळे, कंबर, लोक काय म्हणतील, सगळे मुद्दे मांडले. ती हसून लोटपोट. म्हणाली, बन आण पाहू इकडे, आणि चल, तुला शिकवते.

मला! शिकवते!

गेलो. केवळ तिचं मन मोडू नये म्हणून. दोघांचा डाव लावला. डावीकडची पहिल्या खेळाडूची जागा तिने घेतली आणि मला उजवीकडे बसवलं, पाहुण्यासारखं. म्हणाली, तू गोळ्या फार झाडतोस. दिसेल त्याच्यावर झाडतोस. निम्मी विमानं तुझ्याकडे येतच नाहीत, जाऊ दे की त्यांना. घरीसुद्धा तू असाच आहेस.

शेवटचं वाक्य गेमबद्दल नव्हतं, आणि अशा ठिकाणी ते बोलायची गरज नव्हती.

तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलो. दोन्ही विमानं शेजारी शेजारी, खाली ढग. मी अडकलो की ती मध्ये यायची आणि मला वाट करून द्यायची. ढोल वाजत होते. थोडा वेळ बरं वाटलं असावं. बीपीच्या गोळीचा परिणाम.

तिला विचारलं, जिंकलीस तर मशीन मला देशील ना? म्हणाली, तुझ्याकडे कुठे ठेवणार? तिथे फुमिएचं शिवणयंत्र आहे. म्हणजे दोघी फोनवर बोलतात. माझ्याविरुद्ध.

२३ सप्टेंबर, शनिवार

साक्षीदार हवा म्हणून वर्गमित्र कुवाबाराच्या तांदळाच्या दुकानात गेलो. म्हटलं, आईला सांग, ससाण्याचा राजा कोण होता. कुवाबाराने पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, कोण होता? म्हटलं, मी! तो इतका हसला की त्याची बायको आतून बाहेर आली. तिला म्हणाला, बघ गं, राजा आलाय. मग मला म्हणाला, लेका, तू पहिल्या टप्प्यात मरायचास आणि मग आमची नाणी सांभाळत रांगेला उभा राहायचास. पण ओरडायचास छान. तू नसलास की मजा यायची नाही.

खोटं. मत्सर. तांदूळ विकून विकून माणसाची स्मरणशक्ती जाते.

घरी येताना रस्ताभर आठवायचा प्रयत्न केला की दुसऱ्या टप्प्यात काय काय असतं. किल्ला असतो. किंवा जहाज.

३० सप्टेंबर, शनिवार

शेवटचा दिवस. हिनोदेत पाय ठेवायला जागा नाही. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, सगळे आमच्या वेळचे. ओकुदाकाकांनी टाय लावला होता. फुमिएसुद्धा आली, आईसाठी भाताचे गोळे घेऊन. माझ्यासाठी उरलेला एक.

माझा नंबर लवकर आला. सुरुवात झकास. मग कुणीतरी खोकलं. दुसऱ्या टप्प्यात मेलो. (जहाज असतं.) मी आक्षेप घेतला. खोकणाऱ्याला बाहेर काढा म्हटलं. ओकुदाकाका म्हणाले, सेइजी, खाली बस, लोकांना दिसत नाही. कुवाबारा चौथ्यापर्यंत गेला आणि माझ्याकडे बघून वाकून नमस्कार केला. निर्लज्ज.

आई सगळ्यात शेवटी बसली. उशी सारखी केली, गोळी तोंडात टाकली.

चौथा. पाचवा. सहाव्याला लोक बोलायचे थांबले. मी मागून ओरडत होतो, डावीकडे, आई, डावीकडे! ती उजवीकडे जायची आणि वाचायची. मग मी गप्प बसलो. नुसते ढोल. शेवटचा तो प्रचंड किल्ला आला तेव्हा तिचे खांदे मला प्रथमच दिसले. केवढेसे आहेत. मला कानाला धरून नेणारी बाई ही नव्हेच.

किल्ला फुटला. पडद्यावर पुन्हा तोच समुद्र, पण संध्याकाळचा, आणि विमान हळूच पाण्यावर उतरलं. ढोल थांबले. कुणीतरी नाक ओढलं.

माझ्या वेळी असा शेवट नव्हता, असं मी शेजारच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, मग कसा होता? मी म्हणालो, वेगळा.

आई वळली आणि गर्दीत कुणाला तरी शोधायला लागली. मी हात वर केला. मी रडत नव्हतो. सिगारेटचा धूर. आता तिथे कुणी ओढत नाही, पण भिंतींत मुरलेला असतो.

१ ऑक्टोबर, रविवार

मशीन आईच्या घरी पोचवलं. कुवाबाराचा टेम्पो, आणि वर चढवायला आम्ही चौघं. जिना अरुंद. सगळ्यात जड बाजू मला दिली, मुद्दाम. कोपर गेलं, आता कंबरही गेली. मशीन माझ्या जुन्या खोलीत, खिडकीपाशी, जिथे माझं अभ्यासाचं टेबल होतं.

म्हणजे एका अर्थाने माझ्याच खोलीत आलं. म्हणजे माझंच. जे ठरवलं होतं ते झालं.

ठराव: दर रविवारी आईकडे. रोज नाही, उगीच सवय नको. वर्षभरात तिचा रेकॉर्ड मोडायचा. सहा महिन्यांतही होईल.

८ ऑक्टोबर, रविवार

जेवून लगेच गेलो. दारात चपलांचा ढीग. वर माझ्या खोलीत उएदाबाई, दुसऱ्या दोघी, आणि ओकुदाकाका. सेंटर बंद झाल्यापासून त्यांना करमत नाही म्हणे, रोज येतात, स्वतःचं स्टूल घेऊन. मी म्हटलं, ही माझी खोली आहे. आई म्हणाली, हो हो, बस ना, तुझा नंबर ओकुदाकाकांच्या मागे.

तोवर तिने चेस्टनटची परात पुढ्यात ठेवली. सोलत बसलो. नख तुटलं. खूप चिडलो होतो, हे इथे नमूद करतो.

माझा नंबर आला. समुद्र, पहाट, ढोल. पहिल्याच टप्प्यात मेलो.

उएदाबाई म्हणाल्या, उठा.

उठलो.