पंचविसावा माणूस

आप्पा,

शनिवार, चौदा जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी माझ्या नातीला, तुमच्या पणतीला, सांगितलं, की सैन्यभरतीसाठी तिची जी पडताळणी जाणार, तीत ‘गुन्हा प्रलंबित’ असंच लिहिलं जाईल. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवली. आयुष्यभर विम्याच्या कचेरीत तक्रारी हाताळल्या की माणूस आधी वेळ बघतो, रडायचं नंतर.

गुन्हा काय, तर दोन वर्षांपूर्वी मुलुंडला पाण्यासाठी बायकांनी रस्ता अडवला होता. ही मैदानावरून धावून घरी येत होती आणि चौकात बघत उभी राहिली. तिलाही गाडीत घातलं. “अहो, मी त्यांच्यातली नाही,” म्हणाली, तर उत्तर आलं, “गाडीत बस, मग सांग.” पुढे सरकारने असले खटले मागे घेतल्याचं जाहीर केलं, पण कोर्टाचा हुकूम अजून निघालेला नाही. पुढची तारीख नोव्हेंबरात. तिची वयाची मर्यादा तीस सप्टेंबरला संपते. धावण्यात पास, लेखीत पास, डॉक्टरांकडे पास. फॉर्म भरताना शेजारचे काका म्हणाले होते, “‘अटक झाली होती का’, तिथे ‘नाही’ लिही गं, कोण बघतंय!” तर ही म्हणाली, “माझे पणजोबा पोलीस होते. मी खोटं लिहू?”

तुमचा वर्दीतला फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. लहानपणी ही त्याला सॅल्यूट ठोकून शाळेत जायची. वर्दीचं वेड तिथूनच.

मला मात्र पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसल्या बसल्या घाटकोपरच्या पोलीस लाइनीतलं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही मोर्च्याच्या बंदोबस्तावरून आला आहात. एका डबीतल्या पॉलिशने आधी तुमचे बूट, मग माझे कॉन्व्हेंटचे काळे बूट चमकवताय. वर्गात माझ्याइतके चकचकीत बूट कुणाचेच नसायचे, सिस्टरसुद्धा म्हणायच्या. आई चुलीपाशी बांगडे तळतेय. आणि तुम्ही हसत सांगताय, “साहेबाक पंचवीस होये होते, गावले चोवीस. मगे रसवंतीकडे एक उभो होतो, गिलास हातात घेऊन. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेलो, जसो काय नवरोच! तेकाच उचललंय.”

आई हसली नाही. म्हणाली, “तेच्या आयशीक कोणी सांगल्यान?”

“संध्याकाळी सोडलंव गो. चायसुद्धा दिली. काय झाला मोठा?”

आईने तव्यावरचा बांगडा उलटला आणि तुमच्या ताटात वाढला नाही. तेवढंच. तो विषय पुन्हा निघाला नाही. तुम्ही वाईट नव्हता, आप्पा. लाच खाल्ली नाहीत, घरात कुणावर हात टाकला नाहीत. आकडा भरला, एवढंच.

पण भर दुपारी, कामाच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून माणूस कुठे निघालेला असतो? लग्नाला? हे तुम्ही त्याला विचारलंत का? इतकी वर्षं मलाही ते सुचलं नाही. त्या शनिवारी सुचलं, कारण शेजारी बसलेल्या पोरीनेही इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस चापून बांधले होते. साहेबांवर छाप पडावी म्हणून.

तर माझी रीतसर मागणी अशी. तो पंचविसावा माणूस कोण होता, त्या दुपारी कुठे निघाला होता, तिथे पोचला का, आणि नंतर कुठलीही नोकरी मागायला गेल्यावर त्याला त्या दिवसाबद्दल काय विचारलं गेलं? उत्तर लेखी हवं. “संध्याकाळी सोडलं” हे उत्तर धरलं जाणार नाही. मुदत तीस सप्टेंबर. त्यानंतर मला त्याचा उपयोग नाही.

हे पत्र मी हॉलमध्ये, तुमच्या फोटोखाली बसून लिहितेय आणि ते इथून हलणार नाही, फोटोमागेच राहील, कारण पोरगी घरात आहे आणि तिने ते वाचायला नको. त्या शनिवारी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या उतरताना तिने मला विचारलं, “आजी, पणजोबा असते तर त्यांनी मला गाडीत घालू दिलं नसतं ना?”

मी म्हटलं, “हात तर लावू दे कुणाला!”