माहेरचा राऊटर आणि जावयांचे तीन डबे

प्रिय धाकट्या,

तुला ताईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा चार जास्तच. पाठ कशी आहे? औषध घेतोस की बाटली नुसती उशाशी मांडून ठेवतोस? भावजय, मुलं खुशाल असतील. इकडे तुझ्या दाजींचा गुडघा दिवसभर कुरकुरतो, पण जेवायला हाक मारली की पहिला तोच उठतो. मी ठणठणीत आहे. ठणठणीत कसली, सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत! फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, आणि मला हे सगळं अथपासून इतिपर्यंत सांगायचं आहे.

दुकान बंद केल्यापासून मी घरूनच कॅमेऱ्यासमोर शिवणवर्ग घेते, हे तुला माहीत आहे. (नसेल तर चूक तुझी, मी कितीदा सांगितलंय.) बेतायचं टेबल वरच्या खोलीत आहे. सुताराने ते वरच बांधलं आणि आता ते काही केल्या जिन्यातून उतरत नाही, म्हणजे नेटलाच जिना चढणं भाग. तू नवा राऊटर घेतलास तेव्हा मला दिलेला जुना आमच्या हॉलमध्ये होता. हॉलमध्ये गडी वाघ, पण जिन्याच्या वळणावर त्याला धाप लागायची. वरच्या खोलीत माझं चित्र अडकायचं, आणि मेलं अडकायचं तेही नेमकं कात्री कापडाला लागताना. एका मुलीने मुंढ्याच्या, म्हणजे बाही बसते त्या गोलाईच्या, जागी खांदाच कापला. दुसरीला माझं ‘थांबा’ ऐकूच गेलं नाही, आणि तिच्या नवऱ्याची पँट आता हाफपँट म्हणून वापरात आहे. शेवटी वर्गातल्या डॉक्टरीणबाईंनी (दातांच्या, त्यामुळे समोरच्याने तोंड उघडण्याआधी बोलून मोकळ्या होतात) मला स्वच्छ सांगितलं, “बाई, रविवारी कोटाची कॉलर आहे. तीही अशी अडकली तर आम्ही सगळ्या दुसरीकडे जाणार.” दुसरीकडे म्हणजे कुणाकडे, ठाऊक आहे? ज्या बाईंच्या कोटात माणसाला मान असते हेच गृहीत धरलेलं नसतं, त्यांच्याकडे! धाकट्या, खरं सांगते, मी घाबरले. हा वर्ग गेला तर मी नुसती घरी बसलेली बाई होणार, आणि मला बसता येत नाही.

हे लेकीच्या कानावर गेलं, लेकीकडून जावयांच्या. ते लगोलग तीन पांढरे डबे घेऊन हजर. त्याला मेश म्हणतात. मोठा डबा हॉलमध्ये, एक जिन्यात, एक वर; तिघं आपापसांत बोलतात आणि नेट हातोहात वर पोचवतात. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण जावई सहज म्हणून गेले, “आई, तो जुना राऊटर आता काढून टाका.” काढून टाका! माहेरून आलेली वस्तू! मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जावई शहाणे आहेत. दोन्ही चालतात एकत्र, नीट जोडलं तर, एवढं पुटपुटले आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. गाडीला अजून भरपूर अवकाश होता.

मग मी ठरवलं की दोन्ही चालवायचे, आणि स्वतः जोडायचे. आपल्याकडे थोरल्याचा मान पहिला, म्हणून तुझा राऊटर सगळ्यांत पुढे लावला आणि जावयांचे डबे त्याच्या हाताखाली दिले. दोघांना नाव एकच, पासवर्डही एकच, उगाच भेदभाव नको. (शिवाय दोघांनाही मऊ अस्तराचे झाकणारे अभ्रे शिवले. माझ्या घरात उघडीवाघडी वस्तू खपत नाही. तासाभरात डबा इस्त्रीसारखा तापला, तेव्हा ते काढावे लागले. आता त्यांत चहाची किटली छान गरम राहते.) पण झालं काय, वरच्या खोलीत नवा डबा हाताच्या अंतरावर असताना माझा फोन आपला खालच्या तुझ्या राऊटरलाच चिकटून बसायचा. नाव एक, त्याला काय कळणार! आणि त्याहून मोठा घोळ पुढेच. घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता लागतो आणि तो राऊटर वाटतो. इथे तुझाही राऊटर पत्ते वाटत होता आणि जावयांचा मोठा डबाही. एका घरात दोन कारभारी! प्रिंटर एकाच्या पदरी, लॅपटॉप दुसऱ्याच्या, आणि दोघांची एकमेकांना ओळख नाही. कॉलरचा कागदी नमुना छापायचा तर प्रिंटर ढिम्म. तुझे दाजी फोन उंच धरून खोल्याखोल्यांतून “दोन काड्या! एक काडी! गेली, गेली!” असं ओरडत फिरत होते, तेव्हा शेजारीण धावत विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

दाजी म्हणाले, केबलवाल्याला बोलाव. मी म्हटलं, त्याने माझा टीव्ही दुरुस्त केला तेव्हापासून त्यावर सगळं हिरवं दिसतं, त्याला माझ्या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मी चष्मा लावला, माहितीपुस्तक टेबलावर पसरलं आणि कोटाचा जुना कागदी नमुना समोर ठेवून विचार करत बसले. आणि बघ, उत्तर त्या कोटातच होतं. बाही अंगाला जोडायची असते, अंग बाहीला नाही. बाही कितीही जुनी, कितीही लाडकी असो, कोट तिच्यावर उभा राहत नाही. म्हणजे जावयांचा मोठा डबा अंग आणि तुझा राऊटर बाही. माहेरची बाही म्हणताना जीव कळवळला, खोटं कशाला सांगू? पण शिवणात नातं बघायचं नसतं, धागा बघायचा असतो. मग जावयांचा डबा पुढे लावला. तुझ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्याचं पत्ते वाटणं बंद केलं आणि त्याला ‘माहेर’ असं वेगळं नाव दिलं. तो मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि मोठ्या डब्यापासून वायर ओढून त्याला जोडली, आधी निळ्या भोकात, मग काहीच होईना म्हणून पिवळ्या चारांपैकी एकात. निळं भोक कारभाऱ्याचं असतं, पिवळी हाताखालच्यांची. पिवळ्यात वायर गेली आणि तो मागच्या कपाटांच्या खोलीत मुकाट्याने नेट वाटू लागला. उघडी वायर डोळ्यांत खुपत होती, म्हणून तिला पडद्याच्या कापडाची सलग नळी शिवली, आतून दुमड घालून. टाका कुठे दिसेल तर शपथ. कुणा इंजिनिअरच्या घरी वायरला दुमड घातलेली आहे का, विचारून सांग.

आणि रविवार! काय सांगू तुला! कॉलरचा आतला तुकडा, बाहेरचा तुकडा, टोकं उलटवणं, सगळं एका दमात. चित्र एकदाही अडकलं नाही, आवाज एकदाही तुटला नाही. सगळ्यांची टोकं सारखी निघाली. डॉक्टरीणबाईंनी कॉलर कॅमेऱ्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाल्या, “पुढच्या रविवारी बाही घेणार ना?” मी खाली आले आणि दाजींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. दाजींनी उठून चहा टाकला. लग्नानंतर हे प्रथमच. माहेर आणि जावई एका वायरीवर नांदवणारी बाई तुझी बहीण आहे, हे तुझ्या ऑफिसात सांगायला माझी हरकत नाही.

तुझी (सध्या हवेत असलेली)
ताई

ता. क. पत्र चिकटवणार तेवढ्यात दाजी मागच्या खोलीत चष्मा शोधायला गेले होते ते परत आले. म्हणाले, ‘माहेर’च्या काड्या भरपूर दिसतात, पण उघडत काहीच नाही. जाऊन बघते तो काय, वायरीवर नळी चढवताना तिचं टोक पिवळ्या भोकातून निघालं होतं आणि आत दुमडीत आरामात पडलं होतं. म्हणजे रविवारचा सगळा वर्ग जावयांच्या तीन डब्यांवरच झाला. हे जावयांना कळता कामा नये. नळीची शिवण मात्र निर्दोष आहे.

ता. क. २ आता मुद्द्याचं. त्या खोलीत आमच्याकडे कपाटांशिवाय कुणी राहत नाही, म्हणून तुझा राऊटर या पत्रासोबत परत पाठवतेय, वायर आणि नळीसकट. माझ्या भावजयीने शिवणवर्गाचं विचारलं तेव्हा तू तिला म्हणालास ना, की आपल्याकडे मागच्या खोलीत नेट येत नाही, कशाला ते खूळ? आता येईल. पत्ते वाटणं मी बंद करूनच दिलंय. वायरीचं एक टोक तुझ्या नव्या राऊटरला, दुसरं पिवळ्या भोकात. ढकलल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे. रविवारी तिची जागा धरली आहे.

ता. क. ३ कोटाचं कापड तिने आणून ठेवलंय, तुझ्यासाठीच. मापंही तू दुपारी आडवा असताना घेतली आणि मला कळवली. पोटाचा आकडा वाचून मी तिला पुन्हा मोजायला लावलं. तेवढाच आला.