दुसऱ्या खुर्चीवरचा कोट

९ मार्च १९४६, सांगली

नापास. हे पास, मी नापास.

प्रसूतिशास्त्राच्या डिप्लोम्याचा निकाल सकाळच्या टपालाने आला. दोघांचे कागद एकाच लखोट्यात — पत्ता एक, आडनाव एक. ह्यांनी आधी माझा उघडला, वाचला आणि घडी करून खिशात घातला. मी म्हटलं, "तो माझा आहे." मग दिला. लेखी पहिल्या वर्गात. तोंडी नापास. म्हणजे सगळंच नापास.

सासूबाईंनी पेढे केले. रेशनची साखर, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाल्या, "तू पुढच्या खेपेला होशील." खाल्ला. न खाऊन सांगते कुणाला!

१० मार्च

झोप झाली तरी राग जागच्या जागी.

पुण्याची ती खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. टेबलापलीकडे खुर्च्या दोन. नियमच तसा — तोंडीला परीक्षक दोन. एक तिथलाच, एक बाहेरगावचा. दोघांनी ऐकायचं, दोघांनी आपापले गुण द्यायचे. माझ्या वेळी एका खुर्चीवर सोनेरी काड्यांच्या चष्म्याचे ते गृहस्थ होते. (नाव लिहिणार नाही. माझी वही आहे ही.) दुसऱ्या खुर्चीवर नुसता कोट. माणूस नाही.

पहिला प्रश्न, "घरात एक डॉक्टर पुरत नाही का?"

याला प्रसूतिशास्त्रात काय उत्तर आहे ते मला ठाऊक नाही. तिथून पुढे त्यांनी घाईघाईने विचारलं, मी उत्तरं दिली. एका औषधाच्या प्रमाणात चुकले. चुकले ते चुकले. बाकीचं बरोबर होतं.

माझ्यामागून ह्यांचा नंबर. आत गेले आणि लगेच बाहेर. मी विचारलं, दुसरे परीक्षक आले का? म्हणाले, "कुठले! कोटाने परीक्षा घेतली." आम्ही दोघं हसलो होतो.

हसले होते मी!

१४ मार्च

सूतिकागृहाच्या ट्रस्टींनी बोलावलं. सात वर्षं मी तिथे आहे. गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या सुनांपासून जत-आटपाडीकडच्या धनगरणींपर्यंत सगळ्यांची बाळंतपणं मी केली. आता संस्थानच्या दरबारचं अनुदान वाढणार, पण मुख्य डॉक्टर डिप्लोमावाला हवा अशी अट पडली आहे. त्यासाठीच तर परीक्षेला बसले. एकटीने काय जायचं, म्हणून हेही बसले.

ट्रस्टींचे प्रमुख लालासाहेब. मनाने वाईट नाहीत, पण म्हणाले, "आवं बाई, काळजी कशाची? डिप्लोमा घरातच हाय की. डाक्टरसाहेबांचं नाव लावू."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "लागू दे की नाव. काम तूच करायचंस. फरक काय पडतो?"

"मग नाव माझं लावू. काम तुम्ही करा."

हे हसले. विनोद केला असं वाटलं त्यांना.

१५ मार्च

खानापूरकडची हरणाबाई तपासायला आली होती. सहावा महिना, आधीची दोन मुलं गेलेली. तिला बाहेर कुणीतरी सांगितलं होतं, आता मोठे डॉक्टर साहेब असणार. माझा हात धरून विचारत होती, "बाई, तवा तुमीच असशीला न्हवं? बाप्या मानूस नगं. मी वाटंतच बाळात हुईन, पर बाप्या नगं."

मी असेन म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

१८ मार्च

परीक्षा मंडळाचं नियमांचं पुस्तक काढून शांतपणे वाचलं. शांतपणे वाचायला घेतलं, असं म्हणायला हवं.

तोंडीत नापास झालेल्याने पुन्हा बसण्याआधी सहा महिने पुण्याच्या इस्पितळात राहून काम केलं पाहिजे. लेखीत नापास झालेल्याला ही अट नाही! माझी लेक पद्मा चार वर्षांची. तिला टाकून सहा महिने. हरणाबाईला टाकून.

पुढे — परीक्षेच्या रीतीबद्दल तक्रार असल्यास ती देखरेख समितीच्या अध्यक्षांकडे करावी. समितीची नावं शेवटच्या पानावर. अध्यक्ष कोण? सोनेरी चष्मा.

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. पद्मा दचकून रडायला लागली. तिला घेतलं, पुस्तक उचललं, आणि त्याच गृहस्थांना त्यांच्याविरुद्धची तक्रार लिहून धाडली. नियम म्हणजे नियम.

४ एप्रिल

उत्तर आलं. "तक्रार विचारात घेण्याजोगी नाही." एक ओळ. खाली त्यांचीच सही.

ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "चारू, झालं ते झालं. सहा महिने काय, बघता बघता जातील."

"तुमचे जातील."

११ एप्रिल, सातारा

समितीत आणखी दोघं आहेत. त्यांपैकी डॉ. विष्णुपंत इथे साताऱ्यात राहतात. नोकरीतून निवृत्त झालेत. पत्र नाही, ओळख नाही, सरळ दारात उभी राहिले. मिरजेहून गाडीत बसायला जागा नव्हती. सातारा रोड स्टेशनापर्यंत बहुतेक उभीच.

म्हातारा तिरसट निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नापास झालात म्हणून नियम आठवला. पास झाला असतात तर?"

मी म्हटलं, "तर आठवला नसता. पण माझ्या आठवणीवर चालायचा असेल तर तो छापला कशाला?"

मग म्हणाले, "दोघं बसले असते तरी तुम्ही नापास झाला असतात, असंही होऊ शकतं."

"होऊ शकतं. मग दोघांसमोर नापास करा."

तेव्हा कुठे बसा म्हणाले. चहा आला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने ती ऐकायची नाही, हे त्यांना मान्य आहे. अध्यक्षांना बाजूला बसवून उरलेले दोघं चौकशी करतील, मे महिन्यात, साताऱ्यातच. पण एक सांगितलं. माझ्या तक्रारीची कुणकुण लागल्यावर त्या दुसऱ्या परीक्षकाला त्यांनी आधीच सहज विचारलं होतं. तो म्हणतो, मी दिवसभर खुर्चीतून उठलो नाही. म्हणजे साक्षीदार हवा.

"आणि बाई, नियम मोडला असं ठरलं तर एकट्या तुमची तोंडी नाही रद्द होणार. त्या दिवसाची सगळ्यांची. तुमच्या यजमानांचीसुद्धा. विचार केलात?"

केला होता.

१२ एप्रिल, सांगली

ह्यांना सगळं सांगितलं, न लपवता. हे म्हणाले, "म्हणजे माझा डिप्लोमा मी स्वतःच्या हाताने घालवायचा."

"तुमचा कसा? तो कोटाने दिलाय."

उठून गेले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. सगळं ऐकलं असणारच. ह्यांच्यामागे ताट घेऊन गेल्या.

२७ एप्रिल

सूतिकागृहावर ह्यांच्या नावाची पाटी लागली. रंग अजून ओला. मी पाटीखालून आत गेले तेव्हा रंगारी म्हणाला, "बाई, पदर संभाळा, डाग लागंल."

६ मे

चौकशीचं बोलावणं आलं. दोघांनाही. माझं तक्रारदार म्हणून, ह्यांचं साक्षीदार म्हणून. ह्यांना विनवणार नाही. खरं बोलायला विनवायचं असतं का?

२० मे, सातारा

आज झालं.

एका शाळेची खोली, सुटीमुळे रिकामी. फळ्यासमोर विष्णुपंत आणि दुसरे सभासद. सोनेरी चष्मा कोपऱ्यात बाजूला बसलेला, पण बसलेलाच! मी सांगितलं. विष्णुपंतांनी दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं वाचून दाखवलं — खुर्चीतून उठलो नाही. मग ह्यांना विचारलं.

विष्णुपंत : "तुमच्या तोंडीच्या वेळी दुसरे परीक्षक समोर होते का?"

हे चष्म्याकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नाही. खिडकीकडे बघत होते.

"मला आठवत नाही."

विष्णुपंतांनी पुन्हा विचारलं. "डॉक्टर, टेबलापलीकडे एक माणूस होता की दोन, हे आठवत नाही?"

"मी घाबरलेला होतो. आठवत नाही."

नव्हते म्हणाले असते तर त्यांचं गेलं असतं. होते म्हणाले असते तर मी खोटी ठरले असते. त्यांनी दोन्ही वाचवलं — असंच वाटत असेल त्यांना. मला वाटतं, सरळ खोटं बोलले असते तर मी एवढी पेटले नसते. पाच मिनिटं आत होता हा माणूस आणि बाहेर येऊन मला हसवलं होतं!

बाकीच्या उमेदवारांनी टपालाने कळवलं आहे, आम्हांला काही सांगायचं नाही. सगळे पास आहेत.

तक्रार सिद्ध होत नाही. विष्णुपंत हे म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. उठताना एवढंच म्हणाले, "नवा साक्षीदार आला तर मी पुन्हा उघडीन, बाई. पण तो तुम्ही आणणार कुठून?"

२१ मे, सांगली

गाडीत बायकांच्या डब्यात बसून आले. हे कुठल्या डब्यात होते, बघितलं नाही.

२३ मे

ह्यांच्याशी बोलत नाही.

२६ मे

हे म्हणाले, "मी तुझ्याविरुद्ध बोललो नाही." म्हणजे मी आभार मानायचे! मी म्हटलं, "माझ्याविरुद्ध बोलायचं धाडससुद्धा झालं नाही तुम्हांला." पद्मा ऐकत होती. तिला सासूबाई उचलून आत घेऊन गेल्या. दार लावून घेतलं त्यांनी. जोरात.

माझ्यावर चिडल्यात. चिडोत. मुलगा त्यांचा आहे.

१ जून

हरणाबाईला अपुऱ्या दिवसांत कळा. बैलगाडीतून आणली. हे सूतिकागृहातच होते, पाटीखाली. तिने ह्यांना बघितलं आणि गाडीतून उतरेना. तिची सासू धोंडुबाई ह्यांना म्हणाली, "आवं सायेब, तुमी लय मोठं, पर बाईस्नी हाक मारा."

ह्यांनी मला निरोप धाडला. गेले. मुलगी झाली, लहानशी पण रडली. हरणाबाई झोपेत हसत होती.

बाळंतपणाच्या नोंदीखाली मुख्य डॉक्टरांची सही लागते. ह्यांनी लेखणी उचलली, थांबले, ठेवली. मी म्हटलं, "करा सही. काम मीच केलंय. फरक काय पडतो?"

केली.

३ जून

ठरलं. पावसाळ्यानंतर पुण्याला जाणार, सहा महिने. पद्माला बरोबर नेईन. कुठे राहीन, कशी, ते बघेन. हरणाबाईसारख्या किती जणी तेवढ्यात वाटेत बाळंत होतील, त्याचा हिशेब त्या समितीने ठेवावा.

सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी उद्या औंधला जाते. यमाईचा नवस राहिलाय, माझ्या शरदच्या परीक्षेचा. ज्ञानू गड्याला सोबत नेते."

नवस! फेडा. तुमची देवी पावली.

८ जून

सासूबाई परत आल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि स्वयंपाकघरात मला समोर बसवलं. यमाईची ओटी भरली आणि तिथून तशाच साताऱ्याला गेल्या होत्या — विष्णुपंतांकडे.

परीक्षेच्या दिवशी पद्माला घेऊन त्या आमच्याबरोबर पुण्याला इस्पितळात आल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. आम्ही कुणी त्यांचा विचारच केला नाही. मीसुद्धा नाही!

"तो दुसरा डॉक्टर माझ्याच शेजारी होता गं. नुसत्या सदऱ्यावर. सांगलीची हळद काय भावाने जाते विचारत होता. तू आत गेलीस तेव्हाही आणि शरद गेला तेव्हाही. म्हाताऱ्याने सगळं उतरवून घेतलं, माझा अंगठा घेतला. म्हणाला, आता सगळ्यांची परत घ्यावी लागेल."

मी विचारलं, "इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मुलगा बोलेल म्हणून वाट बघितली."

बाहेर ह्यांच्या चपला वाजल्या. मी उठायला लागले, तर त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

"तू बस. त्याला मी सांगते."