बाबांच्या गाडीची नववी नळी

बिबवेवाडी, पुणे
२ फेब्रुवारी

आदरणीय नम्रताताई,

सविनय जयभीम. बाबांची तब्येत उत्तम आहे हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. साखर काबूत आहे, रक्तदाब माझ्यापेक्षा बरा आहे आणि सकाळचं फिरणं चालू आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना कमी करा असं आम्रपाली म्हणते. (ती स्वतः चौथ्या मजल्यावर दिवसातून तीनदा चढते, पण धाकट्या बहिणीचा सल्ला म्हणून घ्या.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "मग बाबा निघताहेत कधी?" असं विचारता आणि बाबा माझ्या शेजारीच बसलेले असतात, त्यामुळे नळ्यांचा विषय मला नीट मांडता येत नाही.

थोडं आधीपासून सांगतो. नोव्हेंबरात बाबा पंधरा दिवसांसाठी म्हणून नागपूरहून स्वतःच्या गाडीनं आमच्याकडे निघाले. रोहन चालवत होता. (तुमचा मुलगा गाडी जपून चालवतो, दोष त्याचा नाही.) वाघोलीत, पुणं हाताशी आलेलं असताना, इंजिनानं मान टाकली. रोहन रेल्वेनं परतला आणि बाबांनी जाहीर केलं की ज्या गाडीनं आलो त्याच गाडीनं जाईन. ऐंशी पार केलेल्या सासऱ्यांशी वाद कोण घालणार? गाडी ओढत वारज्याला गेनबाच्या गॅरेजात नेली. गेनबा हा मिस्त्री असा, की दिवसाला पाच वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन नकाराची असतात. त्यानं त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन शोधून आणलं आणि डिसेंबरात बसवलंसुद्धा. मग आल्या नळ्या.

इंजिनाच्या अंगावर बोटाएवढ्या रबरी नळ्यांचं जाळं असतं. पेट्रोलची वाफ आणि इंजिनाच्या पोटातला धूर बाहेर हवेत न सोडता पुन्हा इंजिनातच जाळायला न्यायचा, हे त्यांचं काम. त्या नीट नसल्या तर पीयूसी मिळत नाही, आणि पीयूसीशिवाय बाबा नागपूर सोडा, कात्रजलाही जाणार नाहीत. (टपाल खात्यात आयुष्य काढलेला माणूस कागदाविना हलत नाही.) आता गाडीकडून येणाऱ्या नळ्या आठ आणि नव्या इंजिनाची तोंडं नऊ, त्यातही कुणी जाड, कुणी बारीक. कुठली कुठे जाईल त्या क्रमानं गेनबानं त्या एका पोत्यावर मांडल्या आणि तो जेवायला गेला. बाबांची नोकरी धावत्या रेल्वेत पत्रं लावण्याची होती. समोर मिसळलेलं काही दिसलं की त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी सगळ्या नळ्या लांबीप्रमाणे लावल्या, सुतळीनं तीन गठ्ठे बांधले आणि वर चिठ्ठ्या अडकवल्या. गेनबा आला, गठ्ठ्यांकडे बघत उभा राहिला आणि त्या दिवसाची उरलेली वाक्यं त्यानं वापरलीच नाहीत.

मग मी पुढे सरसावलो. पाणी असो की वाफ, कुठून निघून कुठे जाते ते कागदावर आलं की प्रश्न सुटतो, अशी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे माझी समजूत आहे. इंजिन म्हणजे धरण, जाड नळी मुख्य कालवा आणि बारीक नळ्या म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्या, असा नकाशा मी काढला. नकाशा सुंदर झाला. (आमच्या खात्यातले नकाशेही सुंदर असत, पाणी पोचायचंच असं नाही.) त्याबरहुकूम आठ नळ्या जोडल्या आणि नवव्या तोंडाला घरच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनची नळी लावली. (त्याबद्दल आम्रपाली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.) गाडी सुरू झाली, उचक्या द्यायला लागली आणि ती पांढरी नळी मेणबत्तीसारखी वाकून खाली आली. शेजारच्या पीयूसीवाल्यानं लांबूनच वास घेतला आणि खिडकी लावून घेतली. मग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. एका दुकानदाराला नमुन्याची नळी दाखवली. त्यानं विचारलं, ही कुठे लागते? म्हटलं, तेच विचारायला आलोय. तो म्हणाला, "कळलं की या. आम्ही इथेच असतो."

पण ताई, खरं तर मला लिहायचं होतं ते दुपारींबद्दल. रोज जेवण झालं की मी आणि बाबा बसनं वारज्याला जातो आणि गाडीत बसतो. गॅरेजच्या मागे करंजाचं झाड आहे, त्याच्या सावलीत ती उभी असते. बाबा स्टिअरिंगपाशी, मी शेजारी, काचा खाली. बॉनेट उघडं असल्यामुळे समोरचं काहीच दिसत नाही, त्यामुळे समोर काहीही असू शकतं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवतात आणि हळूहळू गावं यायला लागतात. शिक्रापूर, शिरूर, नगर. जालन्यापर्यंत मी जागा असतो. मेहकरच्या पुढे डोळे मिटतात, बायपासवरच्या ट्रकांची घरघर आमच्याच चाकांची वाटू लागते आणि बाबांचं बोलणं कानावर येत राहतं. कारंज्याला कुणी चहा पाजला होता, आई गेल्या तेव्हा कोण कोण धावून आलं होतं, पहिलीत असताना तुम्ही दाराची कडी धरून कशा रडायचात. जाग येते तेव्हा ऊन सरकून मांडीवर आलेलं असतं आणि आपण कुठल्या गावात आहोत हे क्षणभर कळत नाही. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात बाबा आणि मी "तब्येत?" आणि "बरी आहे" याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. वडिलांच्या शेजारी बसून कुठे निघावं, हे मला साठीनंतर मिळतंय आणि गाडी हलत नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही. परवा विचारलं, कंटाळा नाही ना येत? तर म्हणाले, "काहून येईल, जावईबापू? खिडकी आहे ना."

असो. तर विनंती अशी, की रोहनला सांगून नागपुरातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून नववी नळी शोधावी. एक टोक जाड, दुसरं बारीक, मधे कोपरासारखी वळलेली. चित्र मागच्या पानावर काढलं आहे. घाई नाही. साध्या पोस्टानं पाठवली तरी चालेल.

आपला,
अभय

ता. क. वरची विनंती रद्द समजावी. नळी वारज्यातच मिळाली, त्याला पंधरा दिवस झाले. गेनबानं तिचं टोक उकळत्या पाण्यात धरून मऊ केलं आणि बसवली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, पीयूसीही मिळालं. बाबा त्या दिवशी आम्रपालीबरोबर डोळे तपासायला गेले होते. मी गेनबाला नळी परत काढायला लावली. तो म्हणाला, "गाडी तुमची हाय, पण जागा माझी हाय." तेव्हापासून नळी माझ्या पँटच्या खिशात असते. तुम्हाला वडील हवे आहेत, हे मला कळतं. त्यांच्या खोलीतला पंखा तुम्ही अजून दर रविवारी पुसता असं रोहन म्हणाला, ते मनातून जात नाही. तरी मागतो. पुढच्या फोनला त्यांना एवढंच म्हणा, की गाडीची घाई करू नका. तुमच्या तोंडून ऐकलं तर ते राहतील.

ताई, मी आम्रपाली. यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पण पाकीट बंद करून दिलं नाही. फोटो काढून पाठवतेय, कारण पोस्टानं पोचेपर्यंत आम्हीच पोचू. नळीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, घरातले कपडे मी धुते. बाबांच्या सदऱ्यातून दोन क्लिपा आणि एक बूच निघालं. गेनबाला विचारलं तर म्हणाला, "सासरे बी काढत्यात." दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिलेला नाही. मी सगळं गेनबाला नेऊन दिलं, समोर उभी राहून बसवून घेतलं आणि काल गाडी कात्रजपर्यंत चालवून आणली. रविवारी पहाटे निघतोय, तिघंही. चालवणार मी. चार दिवसांत परतायचं आहे असं यांना सांगितलंय. गोळ्या तीन महिन्यांच्या घेतल्या आहेत. तू कूलर आत्ताच दुरुस्त करून घे, यांना तिकडचा उन्हाळा सोसायचा नाही, आणि बाबांच्या खोलीत दुसरी गादी टाक.