पाहुण्यांची खोली तयार आहे

१२ ऑगस्ट, सकाळ

आजपासून मी उद्योजक. कालपर्यंत नव्हते. काल दुपारी चिरंजीव खालच्या शहरातून आले, चहा घेतला आणि कप ठेवता ठेवता म्हणाले, आई, थंडी पडायच्या आत तू आमच्याकडे राहायला ये. विचारलं नाही, सांगितलं. सूनबाईने माझ्यासाठी बाल्कनी रिकामी करून ठेवलीय म्हणे. मी विचारलं, मला काय वाळत घालायचंय का?

मग म्हटलं, मला कसं जमेल? माझ्याकडे पाहुणे येणार आहेत, एक खोली त्यांना देणार आहे. गावात टुरिझम येतोय. तोंडातून निघून गेलं.

चिरंजीवांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धुकं, बटाट्याची शेतं, आणि त्यांच्या पलीकडे आणखी बटाट्याची शेतं. हसले असते तर बरं वाटलं असतं. हसले नाहीत. अट घातली. "बटाटे निघेपर्यंत त्या खोलीत एक जरी पाहुणा राहिला, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही राहिला, तर मुकाट्याने चल."

मी लगेच हो म्हटलं. एक काय, रांग लागेल.

हे सगळं मी गावाच्या विकासासाठी करतेय. एकटीला घर खायला उठतं म्हणून नाही, शहरात जायचं नाही म्हणूनही नाही. लिहून ठेवलेलं बरं.

१४ ऑगस्ट

खोली म्हणजे आमची दोघांची खोली. हे गेल्यापासून तिथे बटाटे असतात. उरलेल्या बियाण्याला हातभर कोंब आलेत. बाहेर काढताना जाऊबाईने भिंतीवरून पाहिलं. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे तिला दुसरं काम नसतं.

संकल्प: यापुढे कुणाला टोमणा मारायचा नाही. उद्योजकाला शोभत नाही.

जाऊबाईने विचारलं, ताई, एवढ्या लांबून लोक बघायला काय येणार? मी म्हटलं, तुझं तोंड बघायला तर नक्कीच नाही.

संकल्प उद्यापासून.

ह्यांचा फोटो त्याच खोलीत राहू दिला. दोघा भावांचं कधी पटलं नाही. हयातभर ह्यांनी जाऊबाईच्या कोंबडीलाही आमचा उंबरा ओलांडू दिला नाही. आम्हा दोघींचं मात्र छान आहे. फक्त रोज भांडण होतं.

२१ ऑगस्ट

खोलीला गुलाबी रंग दिला. रंग कमी पडला, म्हणून दारातून दिसतात तेवढ्याच भिंती रंगवल्या. दारामागच्या भिंतीला ओल येते, तिथे कॅलेंडर लावलं. पाहुणे दारामागे कशाला जातील? गावोगाव सामान विकत फिरणाऱ्या व्हॅनवाल्याकडून आरसा घेतला, प्लॅस्टिकची फुलं घेतली. व्हॅनवाला म्हणाला, काकू, लग्न ठरलं वाटतं. मी म्हटलं, हो, तुझ्या आजोबांशी. हा टोमणा नव्हे, ही चेष्टा. संकल्प शाबूत.

३ सप्टेंबर

मास्तरांना बोलावलं. शाळेत पोरं कमी, त्यामुळे मास्तरांना वेळ भरपूर, आणि फोनला कॅमेरा चांगला. ते जाहिरातीसाठी व्ह्यूचा फोटो काढायला आले आणि धुकंही त्यांच्या मागोमाग आलं. फोटो पांढराफटक. मास्तर म्हणाले, यात काहीच दिसत नाही. मी म्हटलं, तेच तर विकायचंय. खाली लिहायला लावलं, "ढगातलं घर". मास्तर हळहळले. शिकलेल्या माणसांना धंदा कळत नाही.

१७ सप्टेंबर

अजून कुणी नाही. एकीने फोन करून स्विमिंग पूल आहे का विचारलं. मी सांगितलं, पाण्याची टाकी आहे, पण तिच्यावर मी बसलेली असते.

खरंच आहे ते. गावात नेटवर्क फक्त टाकीवर. शिडी चढायची, झाकणावर बसायचं, मग बोलायचं. बसायला गोणपाट नेलं आहे. माझं ऑफिस.

३० सप्टेंबर

फोन आला! इन्व्हेस्टर! डोंगरातल्या गावांमध्ये राहण्याच्या जागांसाठी पैसा लावतो म्हणे. आधी स्वतः येऊन राहणार, मग ठरवणार. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. टाकीवर वारा इतका की माणूस बोलतोय की म्हैस कळत नव्हतं, तरी मी सगळ्याला हो म्हटलं.

हे गुप्त ठेवायचं ठरवलं. शिडीवरून उतरते तोवर भाऊजींनी, म्हणजे जाऊबाईच्या नवऱ्याने, खालच्या रानातून ओरडून विचारलं, वहिनी, तो सूट घालून येणार का? टाकीवरून बोललं की रानापर्यंत ऐकू जातं, हे माझ्या लक्षातच राहत नाही.

पण इन्व्हेस्टरचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही. तेवढं गुपित राखलं.

४ ऑक्टोबर

शाळेत मीटिंग घेतली. सूचना दिल्या. शेणाचे ढीग झाका. इस्त्रीचे कपडे घाला. गाय दिसता कामा नये, ओरडता तर मुळीच कामा नये. साहेब गाडीतून उतरले की कुणी पुढे पुढे करायचं नाही, बोलणार फक्त मी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विचारलं, मग बटाटे कोण काढणार?

झालं. या लोकांना बटाट्यापलीकडे काही दिसत नाही. आमच्याकडे काढणीची पद्धतच तशी. पाऊस कधी गाठेल नेम नसतो, म्हणून बांधावर जो उभा दिसेल त्याच्या हातात कुदळ द्यायची आणि त्याला एका सरीत उभं करायचं. मग तो मजूर असो, व्याही असो की वाट चुकलेला. नावगाव नंतर, जेवताना. मागे एक विमा विकणारा आला होता. तो संध्याकाळपर्यंत खणत होता आणि पॉलिसी काढायची विसरला.

मी जाहीर केलं की यंदा मी सरीत उतरणार नाही. इन्व्हेस्टरशी हात मिळवायचाय, नखात माती चालणार नाही. लग्न होऊन आल्यापासून माझी सरी जाऊबाईच्या शेजारची. ती भांडेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमची सरी मी रिकामी ठेवते."

चांगलं उत्तर वाया गेलं.

९ ऑक्टोबर, सकाळ

आज येणार. इस्त्रीची साडी. खोलीत नवी उशी, नवी चादर. ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसली, त्यांना सांगितलं, चेहरा जरा हसरा ठेवा. ऐकलं नाही. सवय आहे.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

दिवसभर टाकीवर बसले. तिथून रस्ता खालच्या वळणापर्यंत दिसतो. गाडी आली नाही. वळणावर बटाट्याचे टेम्पो अडकले होते, पण मोठ्या गाडीला सगळे वाट देतातच.

मध्येच एक माणूस पायी चढत आला. चिखलाचे बूट, डोक्याला टोपी, पाठीवर पिशवी. मजूर. खालून मला हात करून काहीतरी विचारत होता. मी वरूनच ओरडले, काम खाली रानात आहे, इथे उभा राहू नकोस, साहेब यायचेत. तो जरा घुटमळला. मी गोणपाट झटकलं. मग गेला.

साहेब आले नाहीत. मोठी माणसं वेळेवर आली तर ती मोठी कसली?

१० ऑक्टोबर

आजही नाही. साहेबांसाठी केलेलं जेवण वाया जाईल म्हणून जाऊबाईच्या गोठ्यात नेलं. तो मजूर तिथेच माळ्यावर गवतात झोपतो. जाऊबाईने त्याला माझ्या सरीत लावलाय. हाताला हे एवढे फोड. कुदळ धरायची कशी ते पोराला ठाऊक नाही. मी दाखवलं. दाखवताना दोन हात मारले, तेवढंच. नखं नंतर घासली.

जेवताना त्याच्याशी बोलत बसले. चांगला मुलगा. मध्ये मध्ये काहीतरी सांगायला बघत होता, पण मी बोलू दिलं नाही. त्याला म्हटलं, शिकून घे, धंदा कसा करतात ते. सगळं समजावून सांगितलं. फोटोत धुकं का ठेवलं. दारामागची भिंत का रंगवली नाही. कॅलेंडर कशाला. थंडीत त्या खोलीत दात कसे वाजतात, आणि साहेबांना त्याआधीच सही करायला कसं लावायचं. चिरंजीवांची अटही सांगितली. का सांगितली कोण जाणे.

तो म्हणाला, काकू, मग तुम्हाला खरंच जायचं नाहीये ना? मी म्हटलं, जेव गपचूप.

मी बोलत असताना हे कधी एवढं लक्ष देऊन ऐकत नसत.

१२ ऑक्टोबर

मजूर सकाळी गेला. मजुरी घेतली नाही म्हणे. भाऊजींच्या हातात एक कार्ड देऊन गेला. ते त्यांनी घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. दुपारी मास्तर तिथे चहाला बसले. टेबल अजूनही हलत होतं, म्हणून त्यांनी कार्ड नीट बसवायला काढलं आणि वाचलं. आधी मनात. मग मोठ्याने.

ते नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मात्र ओळखलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परीक्षा घेत होते.

जाऊबाई पदर तोंडाला लावून गोठ्यात गेली. बराच वेळ तिचे खांदे हलताना दिसत होते. आत गाईशेजारी रडत होती, असं मी धरून चालले आहे.

१५ ऑक्टोबर

टाकीवर फोन आला. आज वारा नव्हता, सगळं स्वच्छ ऐकू आलं. गोठा आवडला म्हणे. गवत, गाईची ऊब, अंगणात सगळ्यांबरोबर जेवण, आणि विशेष करून सरी. शहरातले लोक सरीत उभं राहण्यासाठी पैसे मोजतील म्हणतो. गोठ्याचा माळा नीट करून घ्यायला तो भाऊजींना पैसे देणार. मी विचारलं, आणि गुलाबी खोली? तो म्हणाला, काकू, ओलीचं तुम्हीच सांगितलंत.

इतकी वर्षं खरं बोलले नाही ते बरंच केलं म्हणायचं.

उतरले तर जाऊबाई शिडीखाली उभी. सगळं ऐकलेलं. मी टोमण्याची वाट बघितली. तिने मारला नाही. सरीत या म्हणाली असती तर गेले असते. शेवटी तिनेच कुदळ पुढे केली, आणि मी गेले. पुढच्या वर्षी सवय मोडायला नको, एवढ्यासाठीच.

२२ ऑक्टोबर

बटाटे निघत आले, शेवटच्या दोन सऱ्या उरल्या. उद्या चिरंजीवांचा फोन येणार. कपड्यांची पेटी काढून बघितली. तिच्या तळाला बटाट्याचा एक कोंब निघाला. पेटी परत ठेवली. पुन्हा काढली.

दुपारी जाऊबाई आणि भाऊजी दारात येऊन उभे राहिले. भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली होती, म्हणजे काहीतरी मागायचं होतं. माळ्याचं काम सुरू झालंय. पुढे पाहुणे गोठ्यात राहणार, मग गाय कुठे बांधायची? गावात रिकामी, कोरडी (बऱ्यापैकी कोरडी), स्वच्छ खोली एकच.

मी खूप आढेवेढे घेतले. भाऊजींची टोपी पार चुरगळली, तेव्हा हो म्हटलं. उपकार म्हणून.

२३ ऑक्टोबर

गाय राहायला आली. उंबऱ्याशी थबकली. मीच मागून ढकललं. ह्यांनी फोटोतून सगळं बघितलं. चेहरा तसाच.

चिरंजीवांचा फोन आला तेव्हा मी टाकीवरच होते. त्यांनी आधी थंडीचं विचारलं, मग बटाट्यांचं, मग हळूच खोलीचं. मी म्हटलं, खोली भरलेली आहे. ते म्हणाले, कोण आहे? मी म्हटलं, बाई आहे, शांत स्वभावाची. शाकाहारी. लवकर झोपते. किती दिवस राहणार, विचारलं. मी म्हटलं, जाण्याचं काही बोलत नाही.

"आई, खरंच कुणी राहतंय?"

मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ.

खालच्या रानात कुदळी थांबल्या होत्या. भाऊजी, मास्तर, व्हॅनवालासुद्धा. कुणी हूं की चूं केलं नाही. जाऊबाईने ओरडून सांगितलं, खरंय रे, मी स्वतः सोडायला गेले होते.

चिरंजीव म्हणाले, बरं. मग विषय काढला नाही.

२६ ऑक्टोबर

पाहुणीला आरसा आवडत नाही, शिंगं मारते. उतरवून ठेवला. प्लॅस्टिकची फुलं चघळून थुंकली. रात्री भिंतीपलीकडे रवंथ करते, थेट ह्यांच्या घोरण्याच्या तालात. मला गाढ झोप लागते. ती दमल्यामुळे लागते.

सकाळी जाऊबाई धार काढायला येते, म्हणजे रोज भांडायला लांब जावं लागत नाही.

चिरंजीव आणि सूनबाई रविवारी पाहुणीला भेटायला येतायत. भाडं अजून मिळालेलं नाही, रिव्ह्यूही नाही. पण नवी उशी सगळी खाल्ली, त्या अर्थी सोय पसंत पडली असावी.