सनदेवरचं नाव

मु. पिंपळबर्डी, ता. कारंजा (घाडगे)
६ फेब्रुवारी २०२३

चि. रक्षास,

आत्याचा सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रागावून बोलतेस, म्हणून पत्र.

गावठाणाची मोजणी झाली. सगळ्यांनी आपापल्या घराभोवती चुन्याची रेघ मारली आणि वरून ड्रोन फिरला. फोटो निघणार म्हणून शेजारची देवकाबाई नवं लुगडं नेसून अंगणात उभी होती. आता ज्याचं घर त्याच्या नावाची सरकारी सनद मिळणार आहे. आजवर आपल्या घरांना पंचायतीच्या कराच्या पावतीशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

काल मोजणीचे साहेब दारोदार चौकशीला आले. आपल्या दारात त्यांनी विचारलं, घर कोणाचं. मी म्हटलं, भावाचं. भाऊ कुठे आहे, तर म्हटलं नत्थू वारला, त्याची मुलं रुपेश आणि रक्षा. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं, मी इथे राहते. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली, चहा पिऊन ते गेले. देवकाबाई तेव्हापासून मागे लागली आहे, की बोलाले काय झालतं तुले, बापाचं घर म्हणून सांगाले तोंड नव्हतं काय. पण सासर सोडून आले तेव्हापासून कोणी विचारलं की मी हेच सांगते. तोंडाला तीच सवय.

रुपेश खूश आहे. आपलं घर हायवेला लागून, म्हणून ढाब्यावाल्या प्रभाकररावाला जागा हवी आहे. सनद हाती आली की विकायची आणि मला नागपूरला न्यायचं, असं त्यानं ठरवलं आहे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. मी बरं म्हटलं.

जावईबापूंना जय भीम. माया कमी करू नको, आवाज कमी केलास तरी चालेल.

तुझी,
धुरपताआत्या

---

पुलगाव
१३ फेब्रुवारी २०२३

ती. आत्यास,

सा. जय भीम. वि. वि. पत्र वाचलं आणि दवाखान्यात दिवसभर पेशंटवर चिडत राहिले. त्यांचा काही दोष नव्हता.

घर आजोबांनी बांधलं. आजोबांना मुलं दोन, बाबा आणि तू. त्यांच्यामागे पंचायतीत बाबांचं एकट्याचं नाव चढलं, कारण तेव्हा कोणी विचारलं नाही आणि तू बोलली नाहीस. आता सरकारने दारात येऊन विचारलं, तेव्हाही तू भाडेकरूसारखं उत्तर दिलंस! अंगणवाडीत पोरांना स्वतःचं पूर्ण नाव सांगायला शिकवणारी बाई तू.

मी कारंजाच्या कार्यालयात चौकशी केली. महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते. एक अर्ज कर, आजोबांचं घर आहे आणि माझा हिस्सा आहे एवढंच लिही. बाकी धावपळ मी करते.

आणखी एक. दादाने मला हक्कसोडपत्र पाठवलं आहे, सोबत माझ्यासाठी साडी. साडी चांगली आहे. सही मी केलेली नाही.

तब्येतीला जप. मला वाटते तितकीच काळजी तुला स्वतःची वाटो.

तुझी,
रक्षा

---

पिंपळबर्डी
१९ फेब्रुवारी २०२३

चि. रक्षास,

सप्रेम जय भीम. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. अर्ज मी करणार नाही. ज्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं त्याच्याविरुद्ध सरकारदरबारी कशी उभी राहू? तूही सही करून टाक. बहिणीने सही केली की भाऊ दिवाळीला बोलावतो, नाही केली की रस्ता बदलतो. इथल्या बायका हेच करत आल्या. माझी सही कोणी मागितलीच नाही, मागितली असती तर मी हसत दिली असती.

पण तुझ्यापासून लपवत नाही. डिसेंबरात नागपूरला राहून आले. सून गुणाची आहे, काही कमी पडू दिलं नाही. तरी दुसरा चहा मागायला माझी जीभ रेटेना. पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसून होते. जन्म असाच काढायचा या विचाराने मला भीती वाटते. इथे रात्री झोप लागत नाही.

हे रुपेशला कळवू नको. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
आत्या

---

पुलगाव
२२ फेब्रुवारी २०२३

ती. रुपेशदादास,

सा. जय भीम. वि. वि. साडी परत पाठवते आहे, हक्कसोडपत्र तिच्या घडीत कोरंच आहे. आत्याने सांगितलं, सही केली तर माहेर टिकतं. पण माझं माहेर म्हणजे आत्या आहे. ती तुझ्या सोफ्यावर अवघडून बसली तर मी माहेरी म्हणून जायचं कुठे?

वारस म्हणून मीच हरकत घेतली आहे. आत्याचं नाव लागावं एवढीच मागणी. तारखेला आलास तर बरं, नाही आलास तरी मी जाणार. तिला यातलं काही माहीत नाही, तिच्यावर रागावू नकोस. माझ्यावरचा राग आणि वहिनी, दोघांनाही सांभाळून राहा.

रक्षा

---

नागपूर
१२ मार्च २०२३

ती. आत्यास,

सा. जय भीम. वि. वि. गुरुवारी मी कारंजाला येऊन गेलो, घरी आलो नाही. रक्षाने हरकत घेतली होती, त्याची सुनावणी होती. ती सही देत नाही, तेव्हा विक्री तशीही अडली होती. मनात तिच्याशी भांडायचंच होतं.

साहेबांनी तुझा जबाब वाचून दाखवला. मी इथे राहते, एवढंच तुझ्याबद्दल त्यात होतं. त्यांनी मला विचारलं, किती वर्षांपासून. मी म्हटलं, माझ्या जन्माआधीपासून. मग त्यांनी विचारलं, तरी नाव का नाही. यावर काय उत्तर द्यायचं ते प्रभाकररावाने मला शिकवून पाठवलं होतं. ते तोंडातून निघेना. आई गेल्यावर मी कोणाच्या कुशीत झोपायचो, ते सारखं आठवत होतं आणि कार्यालयात ते सांगता येत नव्हतं. मला लाज वाटली.

तिघांच्या नावाला संमती लिहून दिली. पहिलं नाव तुझं. मी काही मोठेपणा केला असं समजू नकोस, अजून धुसफूस आहेच. प्रभाकररावाला फोन केला, तो म्हणाला बुढीची सही आणून दे. मी म्हटलं, तूच जाऊन माग.

तू पाठवलेल्या वड्या संपल्या. राग शिल्लक आहे, लोभही आहे, दोन्ही धरून घे.

तुझा,
रुपेश

---

मु. पिंपळबर्डी, ता. कारंजा (घाडगे)
२८ जून २०२३

चि. रुपेश आणि चि. रक्षास,

दोघांना मिळून एकच पत्र, म्हणजे कोणाला किती ओळी आल्या यावरून भांडण नको. सप्रेम जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

पंचायतीत सनदा वाटल्या. माझ्या नावापुढे माझ्या बापाचं नाव लावून पुकारलं. शाळा सुटल्यापासून मला तसं कोणी हाक मारली नव्हती. ऐकू आलं नाही असं नाही, पण उठायचं सुचलं नाही. देवकाबाईने ढोसलं तेव्हा उठले. अंगठा की सही विचारलं, मी पूर्ण नावाने सही केली.

परवा प्रभाकरराव आले, खाटेवर बसले. बहिरीशी बोलावं तसे मोठ्याने बोलले, एवढ्या मोठ्या घरात एकटी काऊन राहतं म्हणाले. सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. लगेच उठले नाहीत. कदाचित त्यांना वाटलं, मला कोणाला तरी विचारावं लागेल.

सोमवारी मिस्त्री येतो आहे. स्वयंपाकघरातला ओटा काढून रस्त्याकडच्या खिडकीपाशी घेणार आहे. आल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या. नत्थूला एकदा म्हणावं असं पुष्कळदा मनात आलं, पण आपण कोण म्हणून गप्प बसले.

हे मी विचारत नाही. कळवते आहे.

लोभ दोघांनी सारखा वाटून ठेवावा.

तुमची,
धुरपताआत्या