घाटावरचं शेड आणि राहिलेला प्रश्न

सानगडीच्या तलावाखाली धान पिकवणाऱ्या भावाबहिणींनो, आपण दर निवडणुकीत रांगेत उभे राहतो आणि आपल्या धानाच्या बांधीतल्या उन्हाबद्दल संसदेत कोणी तोंड उघडत नाही. दुखणं तुमचं-माझं एकच, म्हणून हे मृत्युपत्र तुमच्यासमोर वाचलं जावं.

मी, लक्ष्मणराव सुखराम लांजेवार, राहणार सानगडी, हे माझ्या मर्जीनं लिहीत आहे. सभा गाजवणारा आवाज आजारानं नेला. समज शाबूत आहे.

१. राहतं घर पत्नी शकुनबाईचं. ती आहे तोवर वाटणीचा विषय कोणी काढू नये.

२. तलावाजवळची बांधी पुतण्या कुलदीपला. उन्हाळी धान कापताना त्याचे वडील, माझा धाकटा भाऊ धनीराम, मागच्या वर्षी मे महिन्यात तिथेच ऊन लागून पडले. उठले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी खासदार गावात आले होते. मी म्हणालो, "देशानं तापमानवाढ रोखण्याचा जगाला शब्द दिला आहे. त्यातून उन्हात राबणाऱ्यांसाठी काय केलं, हे सरकारला संसदेत विचारा."

"लक्ष्मणभाऊ, काही मागाचं असन तं मागा ना. ऊन का मी बंद करू?"

सगळे हसले. मागून भैयाजी म्हणाले, "साहेब, मसणाच्या घाटावर शेड द्या. शोकसभेत लय तापते."

शेड मिळालं, प्रश्न राहिला. शेडखालची पहिली शोकसभा धनीरामची. खासदार सावलीत उभे राहून छान बोलले. मी उठलो, हात जोडले आणि परत बसलो.

३. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात, नाहीतर माझी उशी भैयाजींना दिली असती. माझ्या प्रत्येक भाषणात ते पहिल्या रांगेत झोपले.

४. हातमाइक मुलगी साधनाला. ती विचारते, "बाबा, तुमचं नाही आयकलं, माह्यं कायले आयकतीन?" शेड कोणीही बांधून देईल. सरकारला उभं करून जाब विचारणं मात्र संसदेचंच काम, आणि तेवढंच आपण गावानं मिळून कधी मागितलं नाही.

५. माझ्या शोकसभेलाही खासदार येतील. माइक देण्याआधी साधना त्यांना विचारेल, "उन्हाचा प्रश्न संसदेत कधी विचारता?" तुम्ही बहुधा खाली मान घालून बसाल, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो: ते उत्तर देईपर्यंत माझ्यासाठी दोन मिनिटांचं मौन पाळू नका.

सही: ल. सु. लांजेवार
साक्षीदार: भैयाजी गहाणे, मारोतराव शहारे
सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा
१७ मे २०२५